देवाची कुंडी

सगुणबाब म्हापशाहून कृतीतून शिक्षणाचं शिबिर करून आले आणि लाटंबार्शाच्या देवळातला रविवारचा संस्कारवर्ग एकदम आधुनिक झाला. देवस्थान समितीचे अध्यक्षच ते. त्यांच्यापुढे कोण बोलणार? वर्ग घेणाऱ्या विनिताच्या हातात त्यांनी मुगाची पुडी आणि दोन कुंड्या ठेवल्या.

"टीचर, आता नुसते श्लोक पुरे. कृती! एक कुंडी देवापुढे, एक मागच्या अंगणात. देवाच्या कुंडीपुढे मुलं रोज प्रार्थना करतील. देवाची शक्ती डोळ्यांनी दिसली पाहिजे."

"आणि ऊन, सगुणबाब?"

"देवाला ऊन लागतं?"

विनिताने दोन्ही कुंड्यांत मूग पेरले. मुलं मात्र मनापासून कामाला लागली. कुंडीपुढे हात जोडून ती बेंबीच्या देठापासून ओरडत. येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांच्याही कानावर गेलं. कुणी कुंडीत तीर्थ ओतलं, कुणी दूध, भाग्यलक्ष्मीने तर अख्ख्या शहाळ्याचं पाणी. इतक्या भक्तीत मूग कुजले नसते तरच नवल. अंगणातली कुंडी मात्र हिरवीगार तरारली.

पालकांच्या कार्यक्रमाच्या दिवशी दोन्ही कुंड्या लाल कापडांनी झाकून मंडपातल्या टेबलावर ठेवल्या होत्या. पुढे चिठ्ठ्या: 'देवाची' आणि 'साधी'. दुपारी मंडपात कुणी नाही असं बघून विनिताने कुंड्यांची अदलाबदल केली. मन खात होतं. पण मुलांचे पडलेले चेहरे तिला बघवले नसते.

संध्याकाळी सगुणबाबांनी शक्ती या विषयावर लांबलचक भाषण केलं आणि 'देवाची' चिठ्ठीमागचं कापड झोकात ओढलं.

आत काळा चिखल. वर आंबूस वास.

विनिताने सगुणबाबांकडे पाहिलं, तर त्यांचाही चेहरा उतरलेला.

"असं कसं?" ते तिच्या कानाशी पुटपुटले. "खुर्च्या मांडताना मी स्वतः बदलल्या होत्या!"

"कापड उचलून बघितलं नाही?"

"लोक होते ना!"

"मी दुपारीच बदलल्या होत्या, सगुणबाब."

तेवढ्यात पहिल्या रांगेतली पाच वर्षांची गौरवी पुढे आली आणि तिने दुसरं कापड काढलं. हिरवे कोंब बघून ती खूश झाली.

"टीचर, सगळ्यांनी पाणी ओतून देवाला हुडहुडी भरली असेल. म्हणून तो बाहेर उन्हात जाऊन बसला!"

सगुणबाबांना आयती संधी सापडली. "बघा! हेच दाखवायचं होतं! देव चराचरात आहे!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. लोक टेबलाकडे धावले. भाग्यलक्ष्मीने हिरव्या कुंडीला कुंकू लावलं आणि दुधाची बाटली उघडली. विनिताने चटकन कुंडी उचलून छातीशी धरली.

"नको गो बाई, आता पुरे! जगू दे त्याला."

ती एवढ्या मोठ्याने ओरडेल असं तिलाही वाटलं नव्हतं. भाग्यलक्ष्मीने मुकाट्याने बाटली बंद केली.

"पुढच्या रविवारी लोहचुंबकाचा प्रयोग," मंडप रिकामा झाल्यावर सगुणबाब हळूच म्हणाले.

"ते तुम्ही करा. मी मुलांना मळ्यात नेणार."

आणि नेलं. धोतर सावरत सगुणबाबही मागोमाग आले. मिरचीच्या वाफ्यात गौरवीने त्यांनाच गाठलं, "आजोबा, ही मिरची लाल कोणी केली?"

सगुणबाबांनी छाती भरून श्वास घेतला, विनिताकडे बघितलं आणि श्वास सोडून दिला.

"टीचरला विचार गो, बाय," ते म्हणाले.