आत्याचं बटण

रविवारी सकाळी साडेनऊ वाजता कुंडीकाकांच्या लेकीने पत्र धाडलं. वर्षभरात ज्यांनी रोपवाटिकेचा एकही ईमेल उघडला नव्हता, त्या सगळ्यांना. खाली एकच हिरवं बटण: ‘पत्र हवंय’. संध्याकाळी सहापर्यंत जो दाबणार नाही, त्याचं नाव यादीतून कमी.

रोपवाटिका काकांची, दर आठवड्याचं रोपांचं पत्र त्यांचं, आणि चार हजारांची यादी हा त्यांचा मिरवायचा विषय.

“अगं, जोडलेली माणसं अशी हाकलायची?”

“माणसं कुठली, बाबा? बंद पडलेले पत्ते कालच काढले, त्यात तुमचेच जुने तीन निघाले! कुणी उघडत नाही तिथे पत्रं धाडत राहिलं की मेलवाले आपल्यालाच उपद्रवी ठरवतात. मग वाचणाऱ्यांचं पत्रही स्पॅममध्ये जातं.”

“बरं, एक नाव तेवढं ठेव.”

“आत्याचं? अजिबात नाही. सगळ्यांना एकच नियम.”

आत्या म्हणजे काकांची थोरली बहीण. गेल्या वर्षी काकांनी पत्रात लिहिलं होतं, ‘आमच्या नात्यातल्या एका बाईंनी गुलाबाला इतकं पाणी पाजलं, की त्याला पोहायला शिकवायला हवं होतं.’ नाव घेतलं नव्हतं, पण गोतावळ्यात सगळ्यांनी ओळखलं. तेव्हापासून ताईने ना पत्र उघडलं, ना फोन उचलला. यादीतून नाव मात्र काढलं नव्हतं. काकांची सगळी भिस्त त्या नावावर होती.

दुपारपर्यंत उत्तरांची रीघ लागली. दातांच्या डॉक्टरांनी लिहिलं, ‘अहो, तुमची सगळी पत्रं स्पॅममध्ये सापडली! इकडे माझ्या कोरफडीने मान टाकली.’ एका निवृत्त बाईंनी विचारलं, ‘बटण दोनदा दाबलं. चालतं ना?’ काका प्रत्येक उत्तर मोठ्याने वाचत, हसत, पुन्हा वाचत. ताईचं काही नव्हतं.

तीनच्या सुमारास काका कुंड्यांना पाणी घालत असताना लेक ओरडली, “बाबा! आत्याने उघडलं!”

काका पाईप टाकून धावले. स्क्रीनवर बोट ठेवून ताईचं नाव दोनदा वाचलं. “उघडलं म्हणजे वाचलंच ना गं?”

“ते मात्र यंत्राला कळत नाही.” लेकीने सहज खिडकीबाहेर पाहिलं आणि तिला हसू आवरेना. “बाबा, पाईप कुठे सोडलात?”

पाईप गुलाबाच्या कुंडीत होता. कुंडी काठोकाठ भरून वाहत होती आणि नुकताच लावलेला गुलाब आडवा तरंगत होता.

“पोहायला शिकवायचं का त्याला?”

काकांनी कपाळावर हात मारला. मग स्वतःच खदखदून हसले. “फोटो काढ. आणि ताईला ईमेलने धाड. फक्त ताईला.”

पाच वाजून दहा मिनिटांनी स्क्रीनवर दिसलं: ताईने फोटो उघडला होता, आणि लगेच सकाळचं पत्र पुन्हा एकदा. बटण अजून दाबलेलं नव्हतं.