शेजारच्या फाइली

वकीलबाईंच्या ऑफिसात टायपिंग करणाऱ्या ताईंच्या हातून बारा वर्षांत एकही कागद गहाळ झाला नव्हता. त्या सकाळी एका अशिलाच्या नवऱ्याचा ईमेल आला. तडजोडीचा मसुदा जोडलाय, वाचून घ्या, असं त्यात होतं. ही अशील नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून लेकीसह बाहेर पडली होती. तिचा नवा पत्ता ऑफिसातल्या या दोघींशिवाय कुणाला ठाऊक नव्हता. ताईंनी मसुदा तिच्याच फोल्डरमध्ये डाउनलोड करून उघडला, तर ब्राउझरमध्ये नुसतं कोरं पान.

फाइल बिघडली असेल म्हणून त्यांनी कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या वहिनीला फोन लावला. आज काय मोडलंस, अशी तिने नेहमीसारखी थट्टा केली. पण सगळं ऐकल्यावर तिने थट्टा सोडली. ब्राउझर कधी अपडेट केलास, असं विचारलं. ताईंना आठवेना. जुन्या ब्राउझरमध्ये एक खोट आहे, वहिनी म्हणाली. असं उतरवलेलं पान उघडलं, की ते शेजारच्या फाइली वाचून बाहेर पाठवू शकतं.

"काय होतं त्या फोल्डरमध्ये?"

"तिचा पत्ता."

ताईंनी घड्याळ पाहिलं. पान उघडून वीस मिनिटं झाली होती. पुसून टाकलं तर कुणाला कळणार, असं क्षणभर मनात आलंच. मग त्या उठल्या आणि दार न वाजवताच वकीलबाईंच्या केबिनमध्ये शिरल्या.

वकीलबाई रागावल्या नाहीत. पोलिसांना फोन लावता लावता त्यांनी ताईंना अशिलाला कळवायला सांगितलं.

फोन तिसऱ्या प्रयत्नात लागला.

"लेकीला घे आणि मागच्या जिन्याने नीघ. चूक माझी आहे, नंतर सांगते."

ताई फोन कानाला लावून बसल्या. पलीकडे कुलूप लागलं, पायऱ्या वाजल्या, मुलगी बुटांसाठी कुरकुरली, टॅक्सीचं दार आपटलं. तेव्हा कुठे त्यांच्या जिवात जीव आला.

तासाभराने नवरा रिकाम्या घराचं दार बडवताना पोलिसांच्या हाती लागला. ताईंनी न पुसलेलं ते पान पुरावा म्हणून जमा झालं.

आठवड्याने अशील सहीला आली. ताईंनी मान खाली घालून माफी मागितली आणि नवा पत्ता विचारला.

"तो नका लिहू," ती शांतपणे म्हणाली. "काम असेल तेव्हा मीच येईन."

ताईंनी पत्त्याची ओळ कोरी सोडली.