लांडग्याचा वाटा

नाना वाईला एसटीतून उतरले ते तोंड वाकडं करूनच. "म्हसवडपासनं कंबरडं मोडलं पार. फोनवर दावला असतास तर चाललं नसतं का तुझा ख्योळ?"

मी म्हटलं, न्हाई चालत. मनात म्हटलं, आज तुम्ही मान हलवली नाहीत तर माझा बाजारच उठला.

नाना म्हणजे माझे थोरले चुलते, नानासो. लहानपणी आम्ही मेंढरांमागं हिंडायचो, तेव्हा तळावर सगळ्या पोरांना गोळा करून गोष्ट सांगायचे ते नानाच. पाताळात मेंढरं चारणारी भावंडं, उलटी वाहणारी नदी, दगडाचं पीक काढणारा राजा. कुठल्या पोथीत नाही, सगळं त्यांच्या डोक्यातलं. दोन वर्षांमागं गुडघे गेले, मेंढरं विकली आणि गोष्टही बंद झाली. आता दिवसभर दारात बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्यावर खेकसतात.

मी साताऱ्यात नोकरी करते. वाईच्या अश्लेषाशी तिथंच गट्टी जमली. रविवारी वाईला तिच्या घरी ती, तिचा भाऊ शौनक आणि मी एक खेळ खेळतो. एकानं जग रचून गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातली माणसं व्हायचं आणि 'मी आता असं करतो' म्हणायचं. जमलं की फसलं ते वीस बाजूंचा फासा ठरवतो; वीस आले की हमखास जमलं. पुस्तकं सगळी परदेशी. बर्फातले किल्ले, आग ओकणारे ड्रॅगन, चिलखतातले सरदार. किती दिवस सोसायचं माणसानं? बर्फ मी बघितलाय तो गोळेवाल्याच्या गाडीवर! शेवटी किल्ल्याचा तळ केला, घोड्यांची मेंढरं केली आणि नानांचं पाताळच आणून बसवलं. दोघांना लय आवडलं. मग त्यांच्या मित्रांना आवडलं. पुण्याची काही मंडळी तर तो खेळ पेटीत घालून विकायला तयार झाली.

इथंच घोडं अडलं. आमच्या घरची रीत अशी, की दुसऱ्याची गोष्ट चारचौघांत न्यायची तर आधी ती त्याच्यासमोर सांगायची. त्यानं मान हलवली तर गोष्ट तुझी, नाहीतर नाद सोडायचा. मागं एक साहेब गोष्टी रेकॉर्ड करायला आले होते, तर नानांनी त्यांच्यावर काठी उगारली होती. "गोष्ट काय किराणा दुकानात मिळती व्हय?" पुण्याच्या लोकांना मी आधीच सांगून टाकलं होतं, नाना नाही म्हणाले तर खेळ नाही.

आणि वर मी माती खाल्ली होती. नानांच्या गोष्टीत लांडग्याला कुणी मारत नाही. तो येतो, एक कोकरू नेतो, तो त्याचा वाटा. पण खेळणाऱ्यांना हाणायला कुणीतरी लागतंच, म्हणून मी लांडग्याला वैरी केलं आणि त्याला मारणाऱ्याला बक्षीस ठेवलं. तळावर वाढलेली पोर मी! लाज वाटायला पाहिजे होती. बदलू बदलू म्हणता राहून गेलं.

आम्ही अश्लेषाच्या घरी पोचलो. "बसा ना नाना, पाय वर घेऊन बसा," म्हणत अश्लेषानं चहा दिला. नाना कोपऱ्यात भिंतीला टेकून बसले आणि त्यांनी डोळे मिटले. मी सुरू केलं. नदी आली, नाना गप्प. दगडाचा राजा आला, नाना गप्प. ऐकतायत की झोपलेत, काही पत्ता नाही.

मग लांडगा आला. शौनकला काय, चेवच चढला. "मी भाला मारतो!" म्हणून त्यानं फासा उचलला.

नानांनी डोळे उघडले. "का?"

"लांडगा आहे ना काका. मारला की बक्षीस."

"कुनी ठिवलं बक्षीस?"

शौनकनं सरळ माझ्याकडं बोट केलं. मेले मी!

नानांनी काठी उचलली. मला वाटलं, निघाले. त्यांनी ती काठी बाजूला सारली आणि पुढं सरकून टेबलाशी येऊन बसले. "मंग लांडग्याच्या बाजूनं कोन बोलतंय?"

"मीच की, नाना."

"तू नगं. तुझं त्येच्याशी वाकडं हाय. म्या हुतो लांडगा."

शौनकनं भाला रोखला तर नाना म्हणाले, "म्या लंगडतुय."

"काय?"

"मागला पाय वढत चाललुय. दिसत न्हाई व्हय तुला?"

शौनक खूश. निघाला मागं. कुत्रीही घेतली. अश्लेषा म्हणाली, मी पण येते. दोन टेकड्या पार झाल्या तरी नाना आपले लंगडतायत.

"आता तळावर कोन ऱ्हायलं?" नानांनी विचारलं.

शौनकनं घाईघाईनं कुत्री तळाकडं पिटाळली.

"माजी बायकू तकडनं कवाच कोकरू घिऊन गेली!"

"अय्यो!" अश्लेषा ओरडली. "असं नाही चालत नाना, फासा टाका!"

नानांनी फासा भिरकावला. तो गेला दिवाणाखाली. कुणी उठायच्या आत तेच वाकले. "ईस आलं."

"आम्ही कुठं बघितलं?"

"ईसच हाय म्हनलं न्हवं!" आणि नाना जे हसत सुटले ते खोकला येईपर्यंत. मी त्यांना पाणी दिलं आणि माझेच डोळे भरून आले. दोन वर्षांत हे हसणं मी ऐकलं नव्हतं.

"आवं नाना," मी धीर करून म्हटलं, "मंग पुण्याच्यास्नी काय सांगू?"

"ते बक्षीस काढ आदी."

"काढते. आताच काढते."

"नदी ब्येस केलीस. माझी नुसतीच उलटी व्हायची, तू मासं बी उलटं सोडलंस. राजा काय जमला न्हाई, फुसका झालाय." मग त्यांनी मान हलवली. "दे त्यास्नी. गोष्ट तुझी हाय आता."

छातीवरचा धोंडाच उतरला. मी पाया पडायला वाकले तर म्हणतात, "पाया नगं पडू, चा सांग आनी येक."

परतीच्या एसटीत पाचवडच्या पुढं त्यांनी मला कोपरानं ढोसलं.

"पोरी, त्या लांडग्याच्या बायकूचं फुडं काय झालं?"

"मला काय ठावं? तुमीच काढलीत ती."

"मला बी ती आजच भेटली. म्हनून तर इचारतुय."

मी घसा खाकरला आणि सांगायला लागले. नाना खिडकीला डोकं टेकून "हुं, हुं" करत होते, आणि मी जरा थांबले की विचारत होते, "मंग?"