पहिली पत्रिका गणपतीला

परत.

परत.

परत.

छापखान्यातली रुपाली पडद्यावर परत येणाऱ्या मेलकडे बघतच राहिली. नम्रताचं लग्न चार दिवसांवर आलेलं, बिबवेवाडीचं कार्यालय काल रात्री शॉर्टसर्किटने जळालेलं. नवं कार्यालय शनिवार पेठेत मिळालं होतं. परदेशातले पाहुणे उद्या विमानात बसणार आणि नव्या पत्त्याची एकही मेल पोचत नव्हती.

"नवरामुलगा कोथरूडचा आहे ते बरं," नम्रताचे वडील बद्रीनाथराव खुर्चीतून म्हणाले. "नाहीतर तोही जळक्या दारात उभा राहिला असता."

बुधवार पेठेतल्या या छापखान्याने दोन वर्षांपूर्वी स्वतःचा सर्व्हर घेऊन पत्रिका मेलने धाडायला सुरुवात केली होती. आणि आज? परत आलेल्या प्रत्येक मेलवर एकच शेरा: तुमचा सर्व्हर ब्लॅकलिस्टवर, म्हणजे नको त्या मेल पाठवणाऱ्यांच्या काळ्या यादीत आहे, तुमचं काही घेणार नाही. लॉटरी नाही, औषधं नाहीत. लग्नपत्रिका!

तिने ब्लॅकलिस्टवाल्यांचं पान उघडलं. तुम्ही सापळ्यात मेल टाकता, असं तिथे लिहिलं होतं. कुठल्या पत्त्यावर, ते सांगत नाहीत. वेळा मात्र दिल्या होत्या. त्या तिने सर्व्हरच्या नोंदींशी ताडून पाहिल्या.

दर वेळी पहिलीच मेल.

पहिली कुणाला जाते, ते छापखान्यात सगळ्यांना ठाऊक होतं. पहिली पत्रिका गणपतीला. मालक गोपाळकृष्णकाकांनी एका फुकट मेलसेवेवर गणपतीच्या नावाने मनानेच पत्ता रचला होता. ती मेल नेहमी परत यायची. गेल्या वर्षी यायची थांबली, तेव्हा गणपतीला पोचली म्हणून काकांनी पेढे वाटले होते.

"काका, ती सेवा केव्हाच बंद पडली. तिचे मेलेले पत्ते आता स्पॅमवाले पकडायला लावलेत."

काका पडद्याजवळ आले. "म्हणजे वर्षभर घेत कोण होतं?"

"कुणी नाही. यंत्र."

"गणपतीला पाठवलं म्हणून आपण चोर?"

"न विचारता पाठवलं म्हणून."



तो पत्ता काढल्याशिवाय यादीतून सुटकेचा अर्ज करून उपयोग नव्हता. रुपालीचं बोट बटणावर अडलं. शेवटी काकांनीच तो पुसला, डोळे मिटून. आधीपासूनच परत येणारे इतर मेलेले पत्तेही तिने काढले, झालं ते सगळं खरं लिहिलं आणि अर्ज धाडला.

सकाळी नाव यादीतून निघालं होतं. काकांनी नव्या पत्त्याची एक चिठ्ठी छापून घेतली, चपला घातल्या, चालत जाऊन देवळात ठेवून आले. मग मेल सुटली. आता पहिलं नाव बद्रीनाथरावांच्या अमेरिकेतल्या बहिणीचं.

परत आली नाही.

पण काकांना आता तेवढं पुरेना. "परत न येणं म्हणजे पोचणं नव्हे," ते म्हणाले. "विचारा."

बद्रीनाथरावांनी फोन लावला. बहीण सामान बांधत होती. मेल तिने वाचली होती, आणि शनिवार पेठेत गाडी लावायची कुठे, असं ती विचारत होती.