गाठोड्यातून आलेला शर्ट

आमच्या लाँड्रीत सासूबाईंचा एकच कायदा: गाठोड्यातून आलं ते पाण्यात. मळलंय की नाही, कुणाचं आहे, हे बघत बसायचं नाही. त्यांना आता धड दिसतही नाही, डाग बोटांनाच कळतात. गाठोडं सुटलं की आधी गार पाण्याचा हौद, मग पुढचे विचार. विचार करायचं खातं माझ्या नवऱ्याकडे होतं आणि तिथेच सगळा घोटाळा झाला.

टेकडीवर खाण सुरू झाली तसं आमच्या विहिरीचं पाणी तांबूस झालं. पांढरं कापड धुतलं की चहा सांडल्यासारखं निघायचं, आणि गिऱ्हाइकं आम्हालाच बोल लावायची. नवरा म्हणाला, "साबण बदलून काही व्हायचं नाही, खाणच बंद झाली पाहिजे." टेकडीच्या रस्त्यावर लोक ठाण मांडून बसले होते, त्यांच्यात जायला निघाला. मी म्हटलं, "तिथे बसून पाणी निवळणार आहे का?" तो हसला, निळ्या चौकड्यांचा शर्ट अंगात चढवला आणि गेला. त्याच दुपारी पोलिसांनी रस्ता मोकळा केला. लाठ्या, धूर, गाड्यांत कोंबलेली माणसं. बाकीची कुठल्या ना कुठल्या कोठडीत सापडली. आमचा माणूस मात्र कुठेच नव्हता.

ठाणं आमच्या गल्लीच्या टोकालाच. मी रोज जायची. साहेब रोज तेच सांगायचे, "त्याला इथे आणलेलंच नाही, बाई. फरार आहे तो. उलट तुम्हीच सांगा, कुठे लपवलाय?" चोराच्या उलट्या बोंबा! पण रोज तेच ऐकून डोकं चालेनासं झालं. माणूस ह्यांनी हरवला की मी, हेच मला कळेना. एकदा तर घरी येऊन मी माळ्यावर डोकावून पाहिलं.

आणि गंमत बघा, त्याच ठाण्याचे गणवेश आमच्याकडे धुवायला यायचे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. नाही म्हणावं तर ठाण्याशी उरलेला एवढा धागाही तुटायचा, म्हणून धूत होतो. गाठोडं आणणारा शिपाई कधी बोलायचा नाही, सदा तोंडात गुळणी धरल्यासारखा. आम्ही त्याला गुळणीच म्हणायचो. गाठोडं टाकायचा, धुतलेलं उचलायचा, चालू लागायचा.

एके सकाळी मी इस्त्री करत होते. गिऱ्हाइकाच्या प्रत्येक कपड्याला आतून खुणेचा दोरा असतो. ठाण्याचा काळा. गणवेशांच्या ढिगातून चौकड्यांचा शर्ट हाताखाली आला. सवयीने कॉलर उलटली, तर दोराच नाही. बिनदोऱ्याचे कपडे आमच्याकडे एकाच घरचे असतात. आमच्या.

"अहो आई, हा कुठून आला?"

"कुठून म्हणजे? गाठोड्यातून. ठाण्याच्या."

"ठाण्याच्या?"

"हो गं. पाठीवर हा एवढा डाग होता, कडक झालेला. घासून घासून काढला मी. मी म्हणून निघाला, नाहीतर रक्त वाळलं की..."

त्या तिथेच थांबल्या. आपल्या हातांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. सासूबाईंना विचार करताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

नवरा ठाण्यात आहे याचा एकुलता एक पुरावा आम्ही आमच्याच हातांनी धुऊन काढला होता. आणि तो आला तरी कसा? गुळणीने चुकून बांधला, की दया येऊन मुद्दाम? की साहेबांनीच पाठवला, आम्हाला दम भरायला? रस्त्यावरून धरलेल्यांची केस बघणाऱ्या वकीलबाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "धुतलेल्याचा काय उपयोग? पुन्हा काही आलं तर न धुता आणा." गुळणीला विचारलं, तर तो नुसता गाठोड्याची गाठ आवळत राहिला.

मी शर्टाला कडक इस्त्री केली आणि गणवेशांच्या मधोमध घालून परत पाठवला. का, ते मलाही नीट सांगता यायचं नाही. आत असेल तर अंगात घालेल, एवढंच.

पुढच्या गाठोड्यात शर्ट परत आला. मळून! कॉलर घामाने काळी, एक बटण तुटलेलं. मी दुकानातच रडले. मळका कपडा बघून एवढा आनंद कुठल्या लाँड्रीवालीला झाला नसेल. सासूबाईंनी तो नाकाला लावला आणि म्हणाल्या, "त्याचाच घाम." मीही वास घेतला. मला नुसता घामाचा वास आला, कुणाचाही असता.

त्या हौदाकडे वळल्या तशी मी शर्ट ओढला. "धुवायचा नाही! वकीलबाई म्हणाल्यात, असाच द्या. कोर्टात दाखवता येईल."

"आणि तो आत उघडा बसेल? धुऊन पाठव. आपली इस्त्री ओळखेल तो."

"पुरावा गेला तर बाहेर कसा येईल?"

"आणि शर्ट गेला नाही तर त्याला वाटेल, घरच्यांनीही सोडलं."

इकडे आड, तिकडे विहीर. दोघींचंही खरं, त्यामुळे धड भांडताही येईना. शेवटी मधला मार्ग मीच काढला आणि स्वतःच्या अकलेवर खूशही झाले. मळका शर्ट वकीलबाईंना दिला. गाठोड्यात त्याचा दुसरा, पिवळा शर्ट घातला. त्याला आवडते तशी बाह्यांची घडी आत घेतली.

कोर्टात साहेबांनी कानावर हात ठेवले, शर्ट काय, कुणाचाही असतो म्हणाले. पण न्यायाधीशांनी तो तपासणीला पाठवला आणि ठाण्याकडून उत्तर मागवलं. मला वाटलं, आता सुटलाच.

पुढचं गाठोडं घेऊन गुळणी आलाच नाही. नवाच शिपाई आला, चांगला बडबड्या. "बाई, तुमचा एक कपडा जास्त आला होता आमच्याकडे. नीट बघून देत जा."

सगळ्यांत वर पिवळा शर्ट होता. बटणं लावलेली, बाह्यांची घडी जशीच्या तशी. कुणी उलगडलाच नव्हता.

"आधीचे शिपाई कुठे गेले?" मी विचारलं.

"आधीचे कोण? इथे मीच असतो," तो म्हणाला आणि धुतलेले गणवेश उचलून गेला.

मी शर्ट धरून उभी राहिले. दुसरीकडे हलवला असेल. सोडला असेल, तर मग घरी का नाही आला? मी तो मळका शर्ट कोर्टात दिला नसता तर? पुढचं मी मनात येऊ दिलं नाही. भीती वाटली.

सासूबाईंनी शर्ट माझ्या हातातून काढून घेतला. कॉलर चाचपली, बाह्या चाचपल्या, पाठीवरून बोटं फिरवली. कुठे काही लागलं नाही. नाकाला लावला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. मग हौदाकडे गेल्या.

"अहो आई, धुतलेलाच आहे तो. कुणी घातलाच नाही."

"गाठोड्यातून आलाय ना?" त्या म्हणाल्या आणि शर्ट पाण्यात बुडवून घासायला लागल्या.