सात लाखांत एक

जगात शहाणी माणसं कमी, हे थोरलीला लहानपणापासून ठाऊक होतं. पण ती इतकी कमी असतील, हे नावांच्या नोकरीला लागल्यावर कळलं.

तिसऱ्या मजल्यावरच्या एका कोंदट ऑफिसात बसून ती इंटरनेटवरच्या एका साइटसाठी बाळांची नावं लिहायची. नाव, त्याचा अर्थ, ते किती जणींचं आहे तो आकडा. रोज चाळीस. तिच्या साहेबाला ती मनातल्या मनात भोंगा म्हणायची. दुर्मीळ पाहिजेत, मुलींची पाहिजेत, लोक त्यावरच तुटून पडतात, असं तो दिवसातून चार वेळा ओरडून सांगायचा. आता खरी दुर्मीळ नावं असून असणार किती? तिसऱ्या महिन्यात संपली. मग थोरली ती पाडायला लागली. ह्याचं डोकं, त्याची शेपटी, मध्ये एखादा ‘रि’ नाहीतर ‘वा’, की झालं नाव. अर्थ बहुतेक तीनच चालायचे: प्रकाश, राजकन्या, नाहीतर देवाची देणगी. आकडा समोर जे दिसेल त्यावरून, कधी खालून जाणाऱ्या बसचा नंबर, कधी कॅलेंडरावरची तारीख. पानाच्या वर पांढऱ्या केसांच्या, चष्मेवाल्या एका बाईंचा फोटो होता. खाली लिहिलेलं, ‘नामशास्त्राच्या गाढ्या अभ्यासक’. ह्या बाई कोण, कुठल्या, देव जाणे. भोंग्याने फोटो कुठूनसा विकत आणला होता.

आणि लोक ते वाचून पोटच्या पोरींना ती नावं द्यायचे. थोरलीला त्याचं काडीइतकंही वाईट वाटत नसे. शेजारणीच्या पोरीहून आपली वेगळी दिसावी एवढ्यासाठी जे नाव शोधतात, त्यांच्या पदरात असलंच पडायला हवं, असं तिचं मत होतं.

धाकट्या भावाची बायको त्यातलीच. पडदे वेगळे, कप वेगळे, बोलणंसुद्धा वेगळं. पाहुण्यांशी ओळख करून देताना “ताई टायपिंग करतात” असं ती अशा काही सुरात म्हणायची, की समोरच्याने थोरलीची कीव करावी. लग्नाला आठ वर्षं झाल्यावर तिला मुलगी झाली. थोरलीने दोन साधी, गोड नावं सुचवली. ती म्हणे दर घरात असतात. सासूचं, म्हणजे थोरलीच्या आईचं नाव सुचवलं, तर म्हणे जुनाट वाटतं. मग थोरलीने सुचवणंच सोडलं.

दहाव्या दिवशी दुपारी धाकट्याचा फोन आला. नाव ठरलं होतं, उद्या सकाळी फॉर्म द्यायचा होता. त्याने कौतुकाने ते नाव उच्चारलं आणि थोरलीच्या हातातला चहा टेबलावर सांडला. ते नाव इथे सांगत नाही. उगाच आणखी एखादीच्या गळ्यात पडायचं.

ते तिनेच पाडलं होतं. ऑफिसात उंदरांनी उच्छाद मांडला होता, तेव्हा कपाटाखाली औषधाचं खोकं ठेवलेलं असायचं. एका कंटाळवाण्या दुपारी थोरलीने त्या खोक्यावरचं नाव घेतलं, पुढचं अक्षर उडवलं, मागे एक काना जोडला. खोक्यावरच्याच आकड्यांवरून सात लाखांत एक असंही ठोकून दिलं.

पहिल्यांदा तिला आनंद झाला, खोटं कशाला बोला. एवढी मिजासखोर बाई, आणि पोरीला नाव उंदराच्या औषधाचं. भावजयीचं नाक असं कापलं जाईल की पुन्हा वर होणार नाही. मग तिला ती मुठीएवढी पोर आठवली. परवाच तिने थोरलीचं बोट धरलं होतं ते सोडलंच नव्हतं. आईची अक्कल गहाण पडली, त्यात पोरीचा काय दोष? हे नाव घेऊन ती जन्मभर फिरणार.

सरळ सांगून भावजयीला पटलं नसतं. तिला साइटचंच पटणार. म्हणून थोरलीने पान उघडलं, सात लाखांत एक पुसून शंभरात चार केलं आणि नाव ‘यंदा सगळ्यात गाजलेली’ यादीत टाकलं. सापही मरेल, काठीही मोडणार नाही. तरी खात्रीला म्हणून कपाटाखालचं रिकामं खोकं पिशवीत गुंडाळून तिने पर्समध्ये टाकलं.

संध्याकाळी ती भावाकडे गेली. आतल्या खोलीत खुर्चीच्या पाठीवर झबली वाळत होती. भावजय पोरीला मांडीवर घेऊन बसली होती, शेजारी मोबाइल. धाकटा टेबलाशी फॉर्म घेऊन थांबलेला. भावजयीने पान पाहिलं होतं. काल सात लाखांत एक होतं, आज शंभरात चार, असं तिने स्वतःच सांगितलं. मग आता ठेवण्यासारखं काय राहिलं, असं थोरलीने शक्य तितक्या साळसूदपणे विचारलं.

“आकडा गेला खड्ड्यात,” भावजय म्हणाली. “मी अर्थासाठी घेतलं ते.”

अर्थ काय लिहिला होता ते थोरलीला आठवेना. राजकन्याच असणार. भावजयीने मोबाइल उचलून वाचलं, “खूप वाट पाहून झाल्यावर आलेली.”

आणि थोरलीला ती दुपार आठवली. तीन आठवडे उंदीर त्या औषधाकडे फिरकला नव्हता. त्या दिवशी फिरकला. सफाईवाल्या मावशी त्याला सुपलीत घेऊन चालल्या होत्या, सगळं ऑफिस म्हणत होतं, आला बाई एकदाचा. थोरलीने हसत हसत तेच लिहून टाकलं होतं.

“आठ वर्षं, ताई,” भावजय पोरीकडे बघत म्हणाली. “ह्याने विचारलं, त्याने विचारलं. दर सणाला तुम्हीही विचारलंत.”

थोरलीने विचारलं होतं. चारचौघांत, मुद्दाम.

धाकट्याने पेनचं टोपण काढलं. “ताई, अर्थ खरा आहे ना गं? तुझं तिथलंच काम.”

थोरलीचा हात पर्समध्ये होता. पिशवीतल्या खोक्याचा कोपरा बोटांना लागत होता.

“खरा आहे,” ती म्हणाली. “मीच लिहिलाय.”

भावजयीने मान वर केली. नेहमीचा तोरा तिच्या चेहऱ्यावर परत आला. “तुम्ही? काहीतरीच काय, ताई. हे ह्या मॅडमनी लिहिलंय, फोटो आहे इथे. तुम्ही टायपिंग केलं असेल.”

एरवी थोरलीने तिला उभी फाडली असती.

“हो,” ती म्हणाली. “टायपिंग माझं.” आणि तिने पर्सची चेन लावली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेल्या गेल्या तिने आकडा पुन्हा सात लाखांत एक केला, आणि मावशींना बजावलं की यापुढे उंदरांचं औषध दुसऱ्या कंपनीचं आणायचं.