कोपऱ्यातली संध्याकाळ

चित्राच्या डाव्या कोपऱ्यात, साधारण दोन बोटं रुंदीचा, शाईचा पातळ थर होता. कडेला गडद, आत येता येता विरत गेलेला. प्रदर्शनाची पुस्तिका लिहिणारी मुलगी भिंगातून तो पाहत होती.

ही संध्याकाळ कशी साधली, तिनं चित्रकार बाईंना विचारलं. हा प्रश्न बाईंना चोवीस वर्षं विचारला जात होता आणि दर वेळी त्या हसून वेळ मारून नेत. याच चित्रानं त्यांचं नाव झालं, कलाशाळेतली नोकरी मिळाली, घरात स्वतःचं छापयंत्र आलं.

हे चित्र छापायच्या वेळी बाईंचं मनगट मुरगळलं होतं. आठवडाभर मदतीला म्हणून धाकटी नणंद आली. "आधी उलटं कोरायचं, मग सुलटं छापायचं. वहिनी, तुला सरळ काही जमतच नाही का?" असं म्हणत तिनं बाह्या सरसावल्या. कोरलेल्या रेघांतली शाई राहू द्यायची, वरची तळहातानं पुसून काढायची, एवढं बाईंनी शिकवलं. पण नणंद डावखुरी. डाव्या हातानं पुसताना उजव्यानं तिनं तांब्याच्या पत्र्याचा उजवा कोपरा दाबून धरला, आणि तेवढा पुसायचा राहिला. कागदावर तो डावीकडे उमटला. बाई रागवायला म्हणून वाकल्या आणि पाहतच राहिल्या. पुढचे सगळे ठसे त्यांनी तसेच काढून घेतले.

नणंद राहिली ती राहिलीच. आजवरचा प्रत्येक पत्रा तिच्याच हातानं पुसला गेला. खाली सही मात्र एकट्या बाईंची. आधी नोकरीची मुलाखत होती, म्हणून सांगायचं राहिलं. मग इतक्या वर्षांनी कशाला, म्हणून. चांगली खुर्ची तिला, पहिला चहा तिला. बाई उपकार असे फेडत होत्या, तोंडानं कधीच नाही. नणंदेनंही कधी विषय काढला नाही. तेच बाईंना जड जाई.

आताही ती पलीकडच्या टेबलावर छपाईसाठी कागद भिजवत होती. मुलगी उत्तराची वाट पाहतेय हे बघून तीच मान वर न करता म्हणाली, "वहिनीची कल्पना ती. डोकं आहे तिला."

बाईंनी चष्मा काढला.

"नाही," त्या मुलीला म्हणाल्या, "तो कोपरा माझ्या नणंदेचा आहे. चुकून झाला, पण तिच्या हातून झाला. आणि त्यानंतरची सगळी चित्रं आम्ही दोघींनी छापलीत. तिचं पूर्ण नाव तिलाच विचार, आणि सगळीकडे माझ्याआधी लिही."